पावसाळ्यातही आवरलेलं राहील असं घर: गोव्यातल्या घराची मांडणी कशी करावी

कात्री खणातून काढायला एक झटका पुरतो. ठेवताना मात्र खण ओढा, वरची दोरीची गुंडी सरकवा, सेलोटेप उचला, कात्री आत घाला, खण मध्येच अडकला म्हणून हाताने दाबा. मग ती टेबलावरच राहते. तिच्याशेजारी विजेचं बिल येतं, बिलावर चष्म्याची पेटी, आणि शनिवारपर्यंत ढीग तयार. घरातल्या बहुतेक पसाऱ्याचं मूळ एवढंच: काढायला एक हालचाल, ठेवायला पाच.

म्हणून या लेखात आवरण्यापेक्षा जागा लावण्यावर भर आहे. रोजची वस्तू एका, फार तर दोन हालचालींत परत जागेवर गेली पाहिजे. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूला तीन चालतील. वर्षातून एकदाच लागणारीला शिडी लावायला लागली तरी हरकत नाही.

गोव्यात याला आणखी एक गोष्ट लागते, दमटपणा. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत हवा ओली असते. वर्षाचा पाऊस साधारण ३००० मिलिमीटर, आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात. ७० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की चामडं, लाकूड, कापूस, कागद सगळ्यावर बुरशी धरते. कोरड्या हवेच्या शहरात 'सगळं बंद कपाटात ठेवा' हा सल्ला चालून जातो. इथे तोच सल्ला पाळला तर ऑगस्टात कपाट उघडल्यावर कुबट वास येतो, कपडे बाहेर काढावे लागतात आणि ते खुर्चीवर, पलंगावर, दाराच्या कडीवर पसरतात.

आधी नुसतं बघा

पहिले तीन-चार दिवस काहीही आवरू नका. घरात ढीग कुठे जमतात ते बघून वहीत लिहा: जेवणाच्या टेबलाचा कोपरा, टीव्हीखालचा कट्टा, फ्रिजचा माथा, झोपायच्या खोलीतली खुर्ची. प्रत्येक ढिगात काय आहे तेही लिहा. जिथे ढीग जमतो तिथे ती वस्तू घरच्यांच्या हातून सहज सुटते, म्हणजे तिची खरी जागा तिथेच जवळ हवी. चाव्या फ्रिजवर पडत असतील तर दाराजवळच्या खुंटीवर लावायची सवय घरच्यांना लावत बसू नका, फ्रिजच्या बाजूला चुंबकाची खुंटी लावा.

या टप्प्यावर डबे, टोपल्या, खणांतले कप्पे काहीही विकत आणू नका. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. वस्तू किती उरणार हे कळण्याआधी आणलेला डबा चुकीच्या मापाचा निघतो आणि मग तोच पसाऱ्यात जमा होतो. महिनाभर बुटांची खोकी किंवा मिठाईचे पुठ्ठे कापून वापरा. माप पक्कं झालं की बाजारात जा.

निवड

एका वेळी एकच खण किंवा एकच फळी. वेळ वीस ते तीस मिनिटं. अख्खं कपाट जमिनीवर ओतलं की संध्याकाळी पाहुणे येतात, आणि सगळं जसंच्या तसं आत कोंबलं जातं.

चार वाटे करा: इथेच राहील, दुसऱ्या खोलीत जाईल, घरातून जाईल, ठरत नाही. 'ठरत नाही'चा वाटा महत्त्वाचा आहे, कारण त्याच्याशिवाय माणूस एकाच वस्तूपाशी अडून बसतो. तो एका खोक्यात भरा, वर महिना लिहा आणि येत्या ऑक्टोबरात उघडायचं ठरवा. तोवर त्यातलं काही शोधायची वेळ आली नाही तर निर्णय झालेलाच असतो. खोकं मात्र एकच. दुसरं सुरू झालं की समजा, निवड थांबली.

'घरातून जाईल' हा वाटा त्याच दिवशी दाराबाहेर किंवा गाडीच्या डिकीत गेला पाहिजे. कोपऱ्यात ठेवलेली द्यायची पिशवी घरातलं कोणी ना कोणी उघडतं, आणि निम्मं परत आत येतं. सुका कचरा नेणारी पंचायतीची किंवा पालिकेची गाडी ज्या दिवशी येते त्याच्या आदल्या संध्याकाळी निवडीला बसणं सोयीचं. काचेच्या बाटल्या, जुनी रद्दी, लोखंड भंगारवाल्याला द्या. थोडी रद्दी मात्र राखून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

शेवटी दर फळीचा पाचवा भाग रिकामा ठेवा. गच्च भरलेल्या फळीवर वस्तू ठेवायची म्हणजे आधी दुसरी काढावी लागते, आणि हालचाली वाढतात. शिवाय हवा खेळत नाही.

कपाट कुठे, कसं

कपाट भिंतीला चिकटवू नका. मागे दोन ते तीन इंच जागा सोडा, आणि पावसाचा मारा ज्या भिंतीवर बसतो (बहुतेक घरांत पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची) तिथे कपाट शक्यतो ठेवूच नका. जुन्या चिऱ्याच्या घरात ही भिंत जून ते सप्टेंबर ओलच धरून असते. पाय किंवा ठोकळे लावून कपाट जमिनीपासून चार इंच वर घ्या, म्हणजे खालून झाडता येतं आणि वाळवी चढत असेल तर दिसते. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर, भिंतीला टेकवून कधीच नकोत. वाळवीला ती आमंत्रणच.

नवीन कपाट करून घेत असाल तर पार्टिकल बोर्ड टाळा, पाण्याने ते फुगतं आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सुटतात. सिंकखाली तर बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचं, आयएस ७१० शिक्क्याचंच प्लायवुड वापरा. दारांना जाळी किंवा झडपा असलेलं कपाट दिसायला जुनाट वाटतं, पण इथे तेच कामाचं.

ओल शोषणाऱ्या गोष्टींचं थोडं. सिलिका जेलच्या पुड्या लहान बंद डब्यांत आणि कागदपत्रांच्या पाकिटांत उपयोगी. कपाटात लटकवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या थैल्या जास्त पाणी ओढतात, पण खाली साचलेलं पाणी कपड्यांवर किंवा चामड्यावर सांडलं तर डाग पडतात, म्हणून त्या दाराच्या आतल्या बाजूला, खाली काही नसेल अशा ठिकाणी लावा. उघड्या झडपांच्या कपाटात किंवा उघड्या खिडकीच्या खोलीत यातलं काहीही फुकट जातं, सगळ्या गावाची ओल ती थैली ओढू शकत नाही. पूर्वी लोक कपाटात लहान बल्ब लावत. तो पिवळा, तापणारा बल्ब होता म्हणून चालत असे. एलईडी फारसा तापतच नाही, आणि तापणारा बल्ब कपड्यांना टेकला तर आग लागते.

दार

पावसाळ्यात दारातच घर बिघडतं. ओली छत्री, रेनकोट, हेल्मेट, चिखलाच्या चपला आणि हातातली पिशवी, पाचही एकदम आत येतात. पाचांना पाच जागा हव्यात, आणि त्या दाराच्या बाहेर किंवा पहिल्या दोन पावलांत. बाल्कांव (दारापुढचा छपराखालचा बसायचा ओटा) असेल तर उत्तम. फ्लॅटमध्ये दाराआतला तीन फुटांचा पट्टा पुरतो.

छत्रीसाठी तळाशी भोकं पाडलेली बादली, खाली ताट. रेनकोटसाठी माणशी एक मजबूत खुंटी, त्याखालीही ताट किंवा रबरी पायपुसणं. हेल्मेट आतली बाजू मोकळी राहील असं लटकवा. टेबलावर पालथं ठेवलेल्या हेल्मेटचं अस्तर दोन दिवसांत आंबतं.

चपलांचं कपाट बंद दाराचं नको, उघडी मांडणी हवी. एका जोडाला साधारण नऊ इंच रुंदी लागते, म्हणजे अडीच फुटांच्या फळीवर तीन जोड सैलसर बसतात. चौघांच्या घरात माणशी तीन जोड धरले तर चार फळ्या. चौथा जोड आला की एक आत जाईल हा नियम मुलांनाही कळतो. चामड्याचे बूट मे महिन्यात पुसून, पॉलिश करून, आत रद्दी कोंबून, कापडी पिशवीत घालून वरच्या कोरड्या फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधले की बुरशी आलीच.

स्वयंपाकघर

मोकळा चकचकीत ओटा फोटोत बरा दिसतो. ज्या घरात रोज खोबऱ्याचं वाटण होतं तिथे मिक्सर ओट्यावरच राहायला हवा, प्लगजवळ, भांडी त्याच्याच मागे. दररोज पाच किलोचं यंत्र कपाटातून कोणी काढत नाही आणि परत तर अजिबात ठेवत नाही. आदोळी (खोवणी असलेली विळी) जिथे बसून नारळ खोवता तिथेच, खालच्या कप्प्यात, नारळाच्या टोपलीशेजारी.

वस्तू जातीने लावू नका, कामाने लावा. शेगडीपासून हाताच्या अंतरात मीठ, हळद, तिखट, मोहरी, तेल, झारा, सांडशी. सिंकजवळ मासे साफ करायचं सगळं एकत्र: विळी, जाड पाट, रद्दीचा गठ्ठा, मीठ-चिंचेची वाटी, कातडी-काटे टाकायचा झाकणाचा डबा. मासे आणल्यावर ओल्या हाताने तीन कपाटं उघडावी लागली की प्रत्येक दांडीला वास लागतो आणि पुसायचं काम वाढतं.

खोल फळ्या हा आपल्या स्वयंपाकघरांचा जुना आजार. दीड-दोन फूट खोल फळीत मागे गेलेली बरणी वर्षभर दिसत नाही, आणि तिरफळांची तीन पाकिटं निघतात. नवीन करताना कोरड्या जिनसांची फळी एक फूटच खोल ठेवा. आधीच खोल असेल तर तिच्या मापाचा काठाचा ट्रे घाला, म्हणजे पुढे ओढला की मागचं सगळं समोर येतं.

आता डब्यांचं माप. अर्धवट पाकिटं रबर लावून उभी केली की ती पडतात, सांडतात, मुंग्या येतात. म्हणून नियम असा की किलोचं पाकीट डब्यात पूर्ण रिकामं झालं पाहिजे. तांदूळ, डाळ, साखर यांच्या एका किलोला सव्वा लिटर जागा लागते, तेव्हा दीड लिटरचा डबा घ्या. पीठ हलकं असतं, एक किलोला दोन लिटर धरा. पाच किलो उकड्या तांदळाला सात लिटरचा डबा पुरतो. डबे चौकोनी आणि दोनच मापांचे असले की एकावर एक बसतात. गोल डब्यांच्या मधल्या जागा फुकट जातात.

पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवायचा साठा हा वेगळाच विषय. मेच्या उन्हात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा मडगावच्या पुरुमेंताच्या फेस्तातून आणलेली मिरची, सोलां (आमसुलं), चिंच, सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी) चार महिने टिकवायची असतात. यासाठी 'साठा' आणि 'चालू' असे दोन भाग हवेत. साठ्याची मोठी बरणी वर किंवा कोपऱ्यात, चालू बरणी छोटी, हाताशी. मोठी बरणी आठवड्यातून एकदाच, शक्य तर उघडीप असेल तेव्हा उघडायची आणि छोटी भरून घ्यायची. रोज उघडली की रोज ओली हवा आत जाते, मिरची मऊ पडते आणि मग तिला जाळं धरतं. बाकीच्या खबरदाऱ्या:

सोलां आणि चिंच काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत, धातूच्या डब्यात नाही. आंबटपणा आणि मीठ मिळून धातू खातात.

खडं मीठही चिनी मातीतच. स्टीलच्या डब्यात ठेवलं तर तळाशी गंजाचे ठिपके पडतात.

सुकं मासळ भरण्याआधी आणखी एक-दोन उन्हं द्या. वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे, वाकलं तर आत ओल आहे. मग कागदात गुंडाळून घट्ट फिरकीच्या काचेच्या बरणीत, आणि तांदूळ-साखरेपासून दूर. वास लागलेले तांदूळ धुऊनही सुधारत नाहीत.

प्रत्येक बरणीवर कागदी चिकटपट्टी लावून भरल्याचा महिना लिहा. नाव लिहायची गरज काचेला नसते, महिन्याची असते. नवा माल मागे, जुना पुढे.

कपडे: वाळण्यापासून सुरुवात

कपड्यांचा पसारा कपाटात सुरू होत नाही, दोरीवर सुरू होतो. अर्धवट वाळलेले कपडे घडी घालता येत नाहीत म्हणून खुर्चीवर येतात, त्यांच्यावर उद्याचे पडतात, आणि जुलैत त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नसतं.

हिशेब करा. चौघांच्या घरात दिवसाला साधारण वीस कपडे निघतात. एका कपड्याला दोरीवर दीड फूट धरला, मध्ये चार बोटं हवेला सोडून, तर तीस फूट दोरी रोज लागते. पावसात कपडा दोन दिवस घेतो, म्हणजे साठ फूट. छताला टांगायची सहा नळ्यांची, सहा फुटी मांडणी ३६ फूट देते. एक कमी पडते, दोन लागतात, किंवा एक आणि घडीचा स्टँड. हे गणित न करता एकच दोरी बांधली तर कपडे एकमेकांवर चढतात आणि कितीही आवरलं तरी काही होत नाही.

मांडणी पंख्याखालीच लावा, आणि खिडकीची एक फट उघडी ठेवा, नाहीतर कपड्यांतलं पाणी खोलीतच फिरत राहतं. मशीनमध्ये पिळण्याचं चक्र दोनदा फिरवा. वेळ पाच-दहा मिनिटांनी वाढतो, वाळणं बरंच लवकर होतं. जीन्स आणि जाडे टॉवेल एकाच दिवशी धुऊ नका. पावसाळ्यापुरते पातळ पंचे काढा.

एकदा घातलेला पण धुवायला न टाकलेला कपडा हा दुसरा घोळ. तो कपाटात ठेवायचा नसतो, बादलीत टाकायचा नसतो. माणशी तीन उघड्या खुंट्या त्यासाठीच द्या. चौथा कपडा आला की एक धुवायला.

कपाटात घड्यांची रास आठ-दहा इंचांपेक्षा उंच नको. त्याहून उंच रास खालचा कपडा ओढताना कोसळते. टी-शर्ट, मुलांचे कपडे खणात उभे लावले तर सगळे एका नजरेत दिसतात. रेशमी साड्या प्लास्टिकच्या पाकिटातून काढून धुतलेल्या मलमलच्या किंवा सुती कापडात गुंडाळा, नाहीतर जरीचा काठ काळा पडतो. पावसाळा संपला की घडी बदला. डांबराच्या गोळ्या टाकायच्या असतील तर कापडात बांधून, कपड्याला न टेकवता, आणि लहान मूल असेल त्या घरात नकोच.

कागद

दाराजवळ एकच ट्रे, आलेला प्रत्येक कागद तिथे. आठवड्यातून एक दिवस तो रिकामा करायचा: भरायचं बिल, ठेवायचा कागद, रद्दी. ठेवायच्या कागदांना पाचच फाइली पुरतात: वीज-पाणी-घरपट्टी, बँक, दवाखाना, शाळा, यंत्रांच्या पावत्या. जास्त विभाग केले की कुठल्यात घालायचं यावर विचार करावा लागतो, आणि कागद ट्रेमध्येच राहतो. दुकानातल्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तेव्हा त्यांची झेरॉक्स किंवा फोटो पहिल्याच आठवड्यात काढा. दस्त, दाखले, पासपोर्ट मेच्या कोरड्या दिवशी झिपच्या पाकिटात सिलिका पुडीसह बंद करा. ओल्या दिवशी बंद केलेलं पाकीट ओलच सांभाळतं.

वर्षातून एकदाच

माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची) चौकट, गणपतीचा पाट, मखर, विजेच्या माळा, मोठे टोप माळ्यावर. प्रत्येक सणाचं एकच झाकणाचं खोकं, आणि नाव खोक्याच्या बाजूवर लिहा. वर लिहिलेलं खालून दिसत नाही. विजेच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा. मोकळ्या ठेवल्या की पुढच्या चवथीला अर्धा दिवस गाठी सोडवण्यात जातो.

वर्षाचा आणि दिवसाचा क्रम

मोठी कामं दोनदाच. एप्रिल-मे: कपाटं रिकामी करणं, गाद्या, उशा, साड्या उन्हात टाकणं, बूट आणि कागद बंद करणं, दाराची पावसाळी मांडणी. ऑक्टोबर: परत ऊन, बुरशी पुसणं, 'ठरत नाही'चं खोकं उघडणं, रेनकोट पूर्ण वाळवून वर. चवथीआधी घर झाडलं, रंगवलं जातं, तेव्हा सण-सामानाचा माळा बघून घ्यावा. जुलैत कपाटं उपसू नका. ओल्या हवेत बाहेर काढलेले कपडे ओल घेऊनच आत जातात.

रोजचं काम तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी दहा मिनिटं. घरातल्या प्रत्येकाने एकच पट्टा सांभाळायचा: एकाने दार, एकाने जेवणाचं टेबल, एकाने दोरी. रात्री जेवणानंतरवर ढकललं की ते होत नाही, तेव्हा सगळे दमलेले असतात.

महिन्याभराने एखाद्या जागी ढीग परत दिसू लागला तर घरच्यांवर चिडण्याआधी तो ढीग उचला आणि वस्तू एकेक करून जागेवर ठेवून बघा, हालचाली मोजत. झाकण उघडावं लागतं? झाकण काढून टाका. दुसऱ्या खोलीत जावं लागतं? जागा इकडे आणा. डबा दुसऱ्या डब्याखाली आहे? वरचा हलवा. जागाच नाही असं निघालं तर ती वस्तू नवीन आलेली आहे, आणि तिच्यासाठी त्या फळीवरचं काय जाणार हे त्याच दिवशी ठरवा.